जोडीचा फोटो

जित्या माणसाचा काळा-पांढरा फोटो भिंतीवर लावायचा न्हाय, अशी आमच्याकडं रीत हाय. कुणी लिहून ठेवलेली न्हाय, पण आमच्या बेळगावच्या वडगावात कुठल्याबी घरात जाऊन बघा. रंगीत म्हंजे हायत, काळा-पांढरा म्हंजे गेले. आणि माझा धंदा काळ्या-पांढऱ्या प्रिंटचा! कपाळ माझं, दुसरं काय. दारात गिऱ्हाईक आलं की आमचे आप्पा आतनं ओरडणार, "कोण गेलं गं मनिषा?"

"कुणी न्हाय गेलं आप्पा. गोव्याची पोरगी हाय, समुद्राचे फोटो काढलीया."

"समुद्र जिता हाय न्हवं? मग रंगीत काढ म्हणावं."

दुकान म्हंजे आमचा जुना मागाचा हॉल. आप्पांनी तिथं जन्मभर साड्या विणल्या. गुडघे गेले, माग विकले, हॉल राहिला. मी तिथं प्रिंटर मांडला. लग्नाचे अल्बम करणारे बेळगावात पैशाला पासरी, त्यांच्या नादाला मी लागले न्हाय. प्रिंटरातल्या रंगीत शाया काढून टाकल्या आणि सगळ्या खणांत करड्या शाया भरल्या. एक गडद, एक फिकी, एक त्याहून फिकी, एक जरा तांबूस, एक जरा निळसर. लोकांना वाटतं काळा म्हंजे काळा, त्यात काय. अहो, काळ्यात किती भांडणं असतात ते मला विचारा.

मशीनला निम्मा काळा दे म्हटलं की ते पाऊण देतं. कागद बदलला की तिसरंच काहीतरी देतं. घरात नवीन तिखटाचा डबा फोडला की पहिल्या दिवशी आमटी जाळ होते, मग हळूहळू हात बसतो, तसंच हे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चौकोनांची एक पट्टी छापायची. ती नीट वाळू द्यायची, कारण ओली शाई खोटं बोलते. मग मोजायच्या यंत्रानं एकेक चौकोन मोजायचा आणि मशीनला सांगायचं, हितं जास्त दिलास, हितं कमी दिलास, हितं निळा कमी कर, तांबूस वाढव. ही सगळी समजूत कॉम्प्युटरात साठवून ठेवली की तिला प्रोफाईल म्हणतात. दरेक कागदाची वेगळी. लई चिकाटीचं काम हाय आणि चिकाटी माझ्यात न्हाय, असं शाळेत सरोजिनीबाई म्हणायच्या. त्याच सरोजिनीबाई एक दिवस रिक्षातनं माझ्या दारात उतरल्या.

बाई आम्हाला गणित शिकवायच्या. माझा डावा कान उजव्यापेक्षा जरा लांब हाय, तो त्यांच्यामुळंच, असं मी अजून सांगते. रिटायर होऊन किती वर्षं झाली, टिळकवाडीत राहतात, पण चाल तीच. चप्पल काढून आत आल्या, मशीनकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं.

"मनिषा, माझा फोटो करायचा आहे. काळा-पांढरा. हॉलच्या भिंतीवर लावायला."

मी हातातला कागद खाली ठेवला. "बाई, तब्येत बरी हाय न्हवं?"

"ठणठणीत आहे. म्हणून तर आले की. मेल्यावर केलास तर मला कुठं बघायला मिळणार?"

आतनं आप्पांनी हळूच डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं.

बाईंनी मग बसून सगळं सांगितलं. त्यांचे मिस्टर रघुवीर वकील. मुलगा निशांत पाळण्यात असताना काविळीनं गेले, चाळीसेक वर्षं झाली असतील. हॉलमध्ये त्यांचा एकट्याचा फोटो हाय, काळा-पांढरा. त्याच्या शेजारची जागा बाईंनी इतकी वर्षं मोकळी ठेवली होती.

"तिथं मी साधा खिळासुद्धा मारू दिला नाही कुणाला," बाई म्हणाल्या. "ती माझी जागा आहे. पण रंगीत फोटो लावला तर मी त्यांच्याकडं पाहुणी आल्यासारखी दिसेन. मला त्यांच्याशेजारी त्यांची बायको म्हणून दिसायचंय, आणि ते मला या डोळ्यांनी बघायचंय. एवढंच काम आहे. जमेल?"

"जमंल की बाई," मी म्हटलं. मला वाटलं दोन दिवसांचं काम. माझं तोंडच अगोचर.

बाईंच्या घरी जाऊन मी फोटो काढला. खिडकीजवळ खुर्ची, सुती साडी, चष्मा, आणि 'पाढे पाठ झाले का' असं विचारणारी नजर. निशांत घरातच होता. बँकेत हाय तो, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, पुढनं टक्कल पडायला लागलंय. त्याला हा सगळा कारभार पसंत नव्हता.

"आई, हे काय भलतंच? जिवंत माणसाचा फोटो बाबांच्या भिंतीवर? उद्या दूधवाला हार घेऊन येईल."

"आणू दे की. वास तरी घेता येईल."

"बरं, लावायचाच असेल तर लग्नातला लाव. त्यात तू बाबांच्या वयाची आहेस, जोडी तरी दिसेल."

बाईंनी चष्मा काढला. शाळेत त्या चष्मा काढायच्या तवा आम्ही सगळे खाली बघायचो. "ती मुलगी कोण रे? तिला पोळी धड लाटता येत नव्हती. तुला मी वाढवलं, त्यांच्या नावानं हे घर मी चालवलं, आणि शेजारी बसायला ती? मुळीच नाही."

निशांतनंबी खाली बघितलं. मी मनातनं म्हटलं, वा बाई!

पहिला प्रिंट मी टेचात घेऊन गेले. माझ्या टेबलावर तो फर्स्ट क्लास दिसत होता. बाईंच्या भिंतीवर वकीलसाहेबांच्या शेजारी धरला आणि माझा चेहरा पडला. वकीलसाहेबांचा फोटो कोऱ्या चहासारखा तांबूस, ऊबदार. आणि बाई? राखेसारख्या. निळसर, थंडगार.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मनिषा, यात गेलंय कोण आणि राहिलंय कोण?"

मला इतका राग आला म्हणून सांगू. बाईंचा न्हाय, माझाच. घरी आल्याबरोबर तो प्रिंट फाडला आणि आप्पांच्या चुलीत घातला. आप्पांनी कानडीतनं दटावलं, "साकु! पुरे गं. कागदावर कसला राग काढतीस?"

मग सुरू झाल्या माझ्या वडगाव ते टिळकवाडी फेऱ्या. वकीलसाहेबांचा फोटो भिंतीवरनं काढायची सोय नव्हती. बाईंनी तो कधीच खाली उतरवला नव्हता, तशी शपथच घेतल्यासारखं होतं त्यांचं. काचेवरनं यंत्रानं मोजलं तर ते भलतंच सांगतं. म्हणून मी तांबूस शाईचं प्रमाण जरा-जरा वाढवत पट्ट्या छापायची, त्यावर काचेचा तुकडा ठेवायची आणि स्टुलावर चढून फोटोशेजारी धरून डोळ्यानं ताडायची. ट्यूबच्या उजेडात जुळलेली पट्टी दिवसाउजेडी तांबडी भडक दिसायची. दिवसाउजेडी जुळलेली ट्यूबखाली हिरवट मारायची. गडद भाग जुळले तर गाल जुळायचे न्हाईत. बाई खाली बसून सूचना करायच्या, "डाव्या हाताची पट्टी बरी आहे. नाही नाही, ती नको." मी घामाघूम. एकदा तर म्हटलं, "बाई, मला गणितच बरं होतं." तर म्हणतात, "गणित तुला कधी बरं होतं?"

आप्पांचं वेगळंच. "एक माणूस काळं करायला इतके दिवस? आम्ही एवढ्यात अख्ख्या साड्या उतरवून मोकळे व्हायचो."

पण शेवटी जुळलं. देवाशप्पथ सांगते, असं जुळलं की माझ्याच अंगावर काटा आला. नवा प्रिंट नव्या फ्रेममध्ये घालून शेजारी धरला. ट्यूब लावली, बंद केली, खिडकी उघडली, मिटली. दोन्ही फोटो एकाच दिवशी एकाच स्टुडिओत काढल्यासारखे. त्या तांबूस रंगात वकीलसाहेब जरा भारदस्त, जरा थकलेले दिसायचे, आणि बाई त्यांच्या बाजूला घरच्यासारख्या. वयाचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं न्हाय. मी ती प्रोफाईल 'बाई' नावानं साठवून ठेवली.

सोफ्यावर बसून बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "आत्ता झाले मी या घरची." निशांतसुद्धा म्हणाला, "छान झालंय गं मनिषा." मला म्हणायला लाज वाटत न्हाय, मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

हितंच थांबायला पाहिजे होतं. पण जुनी फ्रेम खिळखिळी झालेली. तार गंजलेली, मागचा पुठ्ठा फुगून सुटलेला, कडेनं वाळवीनं तोंड घातलेलं. मी म्हटलं, "बाई, ही कधीतरी खाली येणार. दोघांना एकसारखी फ्रेम करूया." बाईंनी लई वेळ घेतला. शेवटी स्वतःच्या हातानं फोटो उतरवला, पदरानं पुसला, जुन्या साडीत गुंडाळून माझ्या हातात दिला. "उद्या परत. आणि जपून गं." लेकरू दिल्यासारखं दिलं त्यांनी. मापाला म्हणून बाईंची फ्रेमबी मी संगट घेतली.

दुकानात येऊन मी फ्रेम पालथी घातली, गंजके खिळे काढले, पुठ्ठा उचलला तर त्याचा भुगाच झाला. फोटो बाजूला ठेवला, काच हातात घेतली. कळकट, चिकट काच. आता बघा, फ्रेमिंगच्या कामात हाताला सवय असते, काच सुटली की ती मोरीत जाते. मी काही विचार केला न्हाय. साबण लावला, घासली, पाणी ओतलं. पाणी तांबडं-तांबडं जायला लागलं आणि सगळ्या मोरीत उदबत्तीचा वास सुटला. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला न्हाय. चकचकीत काच घेऊन बाहेर आले, तर टेबलाजवळ आप्पा काठी टेकून उभे.

"ह्यो कोण पोरगा गं?"

टेबलावर फोटो पडला होता. मी वाकून बघितला. पांढराशुभ्र सदरा, काळे कुळकुळीत केस, बारीक मिशी, गुळगुळीत गाल. तांबूसपणाचं नाव न्हाय. स्वच्छ काळा-पांढरा, थंड रंगाचा, जसा मी पहिल्यांदा छापून फाडून टाकलेला बाईंचा प्रिंट होता तसा. आणि वकीलसाहेब? वकीलसाहेब म्हणावं असं काही नव्हतंच त्यात. कॉलेजातनं नुकतंच बाहेर पडलेलं पोरगं.

"वकीलसाहेब हायत," मी म्हटलं.

आप्पांनी शेजारी ठेवलेल्या बाईंच्या फ्रेमकडं बघितलं. "आणि ही त्याची आई व्हय?"

मी खालीच बसले. तवा सगळं ध्यानात आलं. बाई रोज सकाळ-संध्याकाळ फोटोपुढं उदबत्ती लावायच्या. काच रोज पुसायच्या, पण बाहेरनं. धूर त्या सुटलेल्या पुठ्ठ्याच्या फटीतनं आत जायचा आणि काचेला आतल्या अंगानं बसायचा. एका दिवसात किती बसणार? दिसतसुद्धा न्हाय. पण चाळीस वर्षं बसला. बाई म्हाताऱ्या होत गेल्या तसे वकीलसाहेबबी त्या धुरात त्यांच्या संगतीनं म्हातारे होत गेले. कुणाला कळलं न्हाय, बाईंना तर न्हायच न्हाय. मी दिवसच्या दिवस स्टुलावर चढून ज्या रंगाला पट्ट्या जुळवत होते तो फोटोचा रंग नव्हता, बाईंच्या धुराचा होता. आणि तो मी मोरीत सोडून आले होते.

बायको म्हणून दिसायचंय, एवढंच मागितलं होतं बाईंनी. ते मी साबण लावून धुतलं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. मी वकीलसाहेबांचा फोटो स्कॅन केला आणि 'बाई' प्रोफाईल लावून छापला. तीच प्रोफाईल, तोच कागद. वाळल्यावर बघितलं तर हुबेहूब. तोच तांबूस रंग, तेच जरा थकलेले, भारदस्त वकीलसाहेब. धुतलेल्या काचेमागं ठेवला तर धुरकट काचेतल्यासारखाच दिसायला लागला.

"घाल की हेच आत," आप्पा म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"तुला कळून काय करायचं हाय? म्हातारीच्या जिवाला शांती."

आप्पांचं चुकत होतं असं न्हाय. मीबी दोनदा तो प्रिंट फ्रेमात घातला आणि दोनदा काढला. पण बाई रोज माझ्या मशीनमधनं निघालेल्या नकलेला हात जोडणार, आणि खरा माणूस माझ्या कपाटात पालथा? ज्या बाईंनी मला पेपरात बघून लिहिलं म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, त्यांच्या घरात मी हे करू? छे! आपल्याला न्हाय जमणार.

दुसऱ्या दिवशी तिन्ही घेऊन गेले. बाईंचा फोटो, माझी नक्कल आणि धुतलेल्या काचेमागचे खरे वकीलसाहेब. बाई दारातच वाट बघत होत्या. निशांतनं त्या दिवशी सुट्टी काढलेली.

मी आधी बोलून घेतलं. पुठ्ठा, फट, धूर, मोरी, सगळं. मग साडीची घडी सोडून फोटो बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी बघितलं. काही कळलं नसावं, त्यांनी काचेवर बोट फिरवलं. मग एकदम कडाडल्या, "तुला काच धुवायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय बाई."

"माझं माणूस घेऊन गेलीस आणि हे कुणाला आणलंस?"

मी उभ्या-उभ्या रडायला लागले. इतकी मोठी बाई मी, पोरं कॉलेजात गेलेली, आणि चौथीतल्यासारखी रडत उभी. निशांतनं पुढं येऊन फोटो उचलला. उजेडाकडं धरून बघितला. मग हळूच म्हणाला, "आई... हे माझ्यापेक्षा लहान आहेत गं."

आणि हा टक्कल पडलेला माणूस त्या पोराकडं असा बघायला लागला, की मला बघवेना.

बाईंनी त्याच्या हातातनं फोटो परत घेतला. खिडकीपाशी गेल्या. चष्मा काढला, फोटो अगदी नाकाजवळ धरला. रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"निशांत, इकडं ये," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. "हे बघ. हनुवटीवर."

हनुवटीवर एक बारीक रेघ होती. मला दुकानात दिसलीसुद्धा नव्हती.

"वकिलीच्या सनदेसाठी काढलेला फोटो आहे हा. स्टुडिओत जायचं होतं आणि हे आरशासमोर गाणी म्हणत बसलेले. मी मागनं घाई केली, दाढी करताना ब्लेड लागलं. कापूस दाबून गेले तसेच." बाई खुर्चीवर बसल्या. "आणि मी विसरले होते गं. रोज दोन वेळा समोर उभी राहत होते आणि ही खूण विसरले होते. गाणी विसरले होते. इतकी वर्षं मी बघत कुणाकडं होते?"

मग बाई रडल्या. आमच्या सरोजिनीबाई. मी कधी बघितलं नव्हतं आणि परत बघायची इच्छा न्हाय.

जरा शांत झाल्यावर त्यांनी स्वतःच दोन्ही फोटो सोफ्यावर शेजारी-शेजारी टेकवून ठेवले. लांब जाऊन बघितले. त्या हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "लोक विचारतील, बाई, मुलगा काय करत होता?"

मी पिशवीतनं नक्कल काढली. "बाई, ही तुमच्या धुराच्या रंगात छापलीया. पाहिजे तर हीच लावूया, मी कुणाला बोलणार न्हाय."

बाईंनी नक्कल हातात घेतली. तिच्यावरनं हात फिरवला. "हे माझे ओळखीचे. पण हे वय त्यांना मिळालंच नाही मनिषा. मीच चढवलं त्यांच्यावर. एकटीनं म्हातारं व्हायला नको वाटलं असेल मला."

"मला दे आई," निशांत म्हणाला. "मी ह्यांच्याकडंच बघत मोठा झालो. परीक्षेला जाताना ह्यांच्याच पाया पडलो. तो... तो मुलगा माझ्या ओळखीचा नाही. माझे बाबा हे आहेत."

बाईंनी नक्कल त्याला दिली. तो ती घेऊन आत गेला, आणि आत दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मी पिशवी आवरायला लागले. वाटलं, झालं, इतके दिवस राबून शेवटी माझ्या हातनं ह्यांचं घर मोडलं. बाई मात्र वकीलसाहेबांच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्या मोकळ्या जागेकडं बघत. मी म्हटलं, "बाई, तुमचा फोटो घेऊन जाऊ काय?"

"थांब." त्यांनी वकीलसाहेबांचा फोटो उचलून माझ्या हातात दिला. "आधी यांना यांच्या जागेवर लाव."

लावला. स्वच्छ काचेतनं तो पोरगा बेळगावच्या दुपारच्या उन्हाकडं बघायला लागला. बाईंनी त्याच्याकडं पाठ केली आणि समोरच्या भिंतीकडं बघितलं. तिथं सोसायटीचं कॅलेंडर होतं.

"मनिषा, ते कॅलेंडर काढ."

"कशाला बाई?"

"शेजारी बसलं की एकमेकांचं तोंड दिसत नाही. माझा फोटो समोर लाव."

मी कॅलेंडर उतरवलं. मग माझ्यातली धंदेवाली जागी झाली. "बाई, त्या भिंतीवर खिडकीचा उजेड आडवा येतो. हा प्रिंट तिथं काळवंडून दिसंल. परत पट्ट्या छापायला लागतील, परत सगळं जुळवायला लागंल."

"छाप की. मला कुठं जायचंय? आणि या वेळी मला कुणासारखी करू नकोस. आहे तशी कर."

"सुरकुत्या?"

"सगळ्या. एकसुद्धा सोडू नकोस."

"आणि ती शेजारची जागा?"

"तिथं लाव ते कॅलेंडर."

नवा प्रिंट होईस्तोवर उंची तरी ठरवून ठेवू म्हणून मी स्टुलावर चढले आणि जुनाच फोटो त्या भिंतीला टेकवून धरला. बाई वकीलसाहेबांच्या खाली पाठ लावून उभ्या राहिल्या, तिथनं बघायला लागल्या.

"जरा खाली घे."

घेतला.

"अजून खाली."

"बाई, फोटो एवढ्या खाली कुणी लावत न्हाईत."

"लोकांचं राहू दे. यांची नजर कुठं येते बघ." मी मान वळवून बघितलं. त्या पोराची नजर खरंच जरा खालीच होती. मी फोटो आणखी चारेक बोटं खाली घेतला. "हां, तिथं. तिथंच खिळा मार," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मीच यांच्याकडं बघितलं. आता यांना बघू दे, मी कशी म्हातारी झाले ते."